असीरगडाची साक्ष

बुऱ्हाणपुराहून खांडव्याच्या सडकेने निघावे, तो सहा-सात कोसांवर सातपुड्याच्या रांगेतून पुढे आलेल्या एका डोंगरावर असीरगडाची तटबंदी दिसू लागते. नर्मदा आणि तापी या दोन खोऱ्यांमधील वाट या गडाच्या नजरेखालून जाते. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या कोणत्याही सेनापतीला त्याच्याकडे पाठ करून पुढे जाणे परवडत नसे; म्हणूनच त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत आले. फारुकी सुलतान, मोगल, निजाम, पेशवे, शिंदे आणि इंग्रज अशा सर्वांच्या हातांतून तो गेला. आज तेथे ढासळलेल्या भिंती, पाण्याची टाकी, एक मशीद आणि महादेवाचे एक जुने देऊळ उरले आहे.

या देवळाविषयी भोवतालच्या गावांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. द्रोणपुत्र अश्वत्थामा अद्याप या डोंगरात वावरतो, पहाटे सर्वांच्या आधी येऊन शंकराची पूजा करतो, आणि दार उघडावे तो पिंडीवर ताजे फूल वाहिलेले दिसते, असे लोक सांगतात. मस्तकावरील भळभळत्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल आणि हळद मागतो, असेही म्हणतात.

आम्ही बुऱ्हाणपुरात वकिली करतो. पुराव्यावाचून गोष्ट मान्य करण्याची आम्हास सवय नाही. तथापि दंतकथेला उलटतपासणी लावण्यात अर्थ नसतो. तिच्या पोटात कोणता प्रश्न जपून ठेवलेला आहे, एवढेच पाहावयाचे असते. या कथेच्या पोटातला प्रश्न असा की, जे अस्त्र सोडता येते पण आवरता येत नाही, त्याचे मनुष्याने काय करावे? अण्वस्त्रांच्या निर्मूलनासाठी गेली ऐंशी वर्षे जग जी खटपट करीत आहे, तिचा इतिहास याच प्रश्नाचा इतिहास आहे. आणि असीरगडाने त्या प्रश्नावर दंतकथेखेरीज इतिहासाच्याही दोन साक्षी दिल्या आहेत. त्या तिन्ही साक्षी वाचकांपुढे ठेवून मग जगाकडे वळावे, असा आमचा विचार आहे.

* * *

पहिली साक्ष महाभारताची. सौप्तिकपर्वातील कथा देवळात पुराण ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ती एकदा कायद्याच्या दृष्टीने वाचून पाहावी. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनास दिले. ते पाहून पुत्राने हट्ट धरला, आणि पित्याने मनाविरुद्ध त्यालाही दिले. मात्र कितीही मोठे संकट आले तरी हे मनुष्यांवर सोडू नकोस, अशी अट घातली. हाच अश्वत्थामा पुढे द्वारकेस जाऊन, हे अस्त्र घे आणि तुझे सुदर्शनचक्र मला दे, असा सौदा श्रीकृष्णाशी करू पाहतो; चक्र त्याला जागचे हलवताही येत नाही. म्हणजे अस्त्राचे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे कसे पसरते, आणि अट घालून दिलेल्या ज्ञानाची अट संकटकाळी कशी उरत नाही, हे व्यासांनी आरंभीच सांगून टाकले आहे.

युद्ध संपल्यावर, पाठलाग करणारे पांडव समोर पाहून अश्वत्थामा गवताची एक काडी अभिमंत्रून ते अस्त्र सोडतो. अर्जुन प्रतिअस्त्र सोडतो. त्याचा उद्देश शत्रूला जाळण्याचा नसून अस्त्राने अस्त्र शमावे एवढाच असतो. दोन ज्वाळांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहतात. जेथे या अस्त्राला दुसऱ्या महास्त्राने थोपविले जाते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, हा इशाराही याच प्रसंगी दिला जातो. ऋषींना पाहून अर्जुन आपले अस्त्र मागे घेऊ लागतो. पण घेताना एक भय बोलून दाखवितो. मी आवरले आणि याने आवरले नाही, तर हा आम्हा सर्वांना जाळील. त्याची तजवीज आपण करा, असे तो ऋषींना विनवितो. अर्जुनाला आवरण्याची विद्या होती. अश्वत्थाम्याला ती नव्हती. त्याने मस्तकावरचा मणी काढून दिला, पण अस्त्र पांडवांच्या सुनांच्या गर्भांवर वळविले. न जन्मलेल्या पिढीवर अस्त्र टाकणाऱ्याला श्रीकृष्णाने जो शाप दिला, त्यात मरण नव्हते. एकाकी भटकत जगणे होते.

प्राचीनांना अणुबाँब ठाऊक होता असा दावा आम्ही करीत नाही; तसला अभिमान पोकळ असतो. त्यांना मनुष्य ठाऊक होता, आणि तेवढे पुरेसे आहे. 'मी आवरले आणि त्याने आवरले नाही तर?' हे अर्जुनाचे वाक्य निःशस्त्रीकरणाच्या प्रत्येक परिषदेत आजवर कोणी ना कोणी उच्चारले आहे.

दुसरी साक्ष १६०१ सालची. अकबर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन राहिला होता आणि खानदेशचा फारुकी सुलतान बहादुरशहा असीरगडावर कोंडला गेला होता. गड तोफांनी आणि धान्याने भरलेला. मोगलांपाशी तो फोडील असा तोफखाना नव्हता. बादशहाच्या छावणीत गोव्याहून आलेल्या जेसुइट पाद्र्यांपैकी जेरोम झेवियर होते. चौलच्या पोर्तुगीजांना लिहून तोफा व दारूगोळा मागवा, असे बादशहाने त्यांना फर्मावले. हे आमच्या धर्माविरुद्ध आहे, असे सांगून झेवियर यांनी नकार दिला. खानदेशचा सुलतान पोर्तुगीजांचा मित्र होता, हेही खरे कारण त्यामागे असावे. धर्म पुढे आणि हितसंबंध मागे, ही शस्त्रांच्या व्यवहारातील रीत तेव्हाही होती.

पुढे काय घडले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. गडावर रोगराई पसरली आणि लोक हतबल झाले, असे अबुल फजलच्या इतिहासावरून दिसते. जेसुइट वृत्तान्त निराळे सांगतो. सुखरूप परत पाठवू, अशी शपथ घेऊन बादशहाने बहादुरशहाला भेटीस बोलाविले. तो खाली उतरताच त्याला अडकवून ठेवले. मग सोन्यारुप्याने गडावरची माणसे वश करून दरवाजा उघडविला, असे त्यात लिहिले आहे. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला आणि बहादुरशहाचे उरलेले आयुष्य बंदिवासात गेले, एवढे मात्र निर्विवाद आहे. शपथेची कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तटाबाहेर पाऊल टाकणाऱ्या दुबळ्याच्या मनातले भय तिच्यात अचूक उतरले आहे.

तिसरी साक्ष १८१९ सालची, आणि ती आपल्या माणसांची आहे. १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने असीरगड व बुऱ्हाणपूर इंग्रजांनी शिंद्यांना परत केले होते. नोव्हेंबर १८१७ च्या ग्वाल्हेरच्या तहात दौलतराव शिंद्यांनी हा गड युद्ध संपेपर्यंत इंग्रजांच्या स्वाधीन करण्याचे कबूल केले. तरीही किल्लेदार जसवंतराव लाड गड सोडीना. अखेर वेढा पडला, तोफा चालल्या, आणि एप्रिल १८१९ मध्ये गड पडला. आत इंग्रजांना शिंद्यांचेच एक पत्र सापडले. गड देऊ नये, पेशव्यांची आज्ञा पाळावी, अशी गुप्त सूचना त्यात किल्लेदाराला होती. पराधीनतेचा तह ज्याच्यावर लादला गेला त्याने असे वागावे, हे आपण समजू शकतो. परंतु कागद एक आणि हुकूम दुसरा, एवढे कायद्याच्या नजरेला दिसतेच. आणि त्याच सबबीवर इंग्रजांनी तो गड कायमचा ठेवून घेतला.

एका साक्षीत बलिष्ठ शपथ मोडतो. दुसऱ्या साक्षीत सही करणारा आतून दुसरा हुकूम पाठवितो. शस्त्र खाली ठेवताना मनुष्याला वाटणारी दोन भये ती हीच.

* * *

आता जगाकडे वळू. हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांवर ऑगस्ट १९४५ मध्ये बाँब पडले. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी जो अगदी पहिला ठराव संमत केला, तो अण्वस्त्रे राष्ट्रांच्या शस्त्रागारांतून नाहीशी कशी करावीत याचा विचार करणारा आयोग नेमण्याचा होता. जगाने आपल्या नव्या संसाराचा श्रीगणेशा याच विषयाने केला, हे आज फार थोड्यांच्या ध्यानात असते.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या वतीने बर्नार्ड बरूक यांनी योजना मांडली: अणुशक्तीचे सर्व धोकादायक व्यवहार एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात द्यावेत, देखरेख पक्की झाली की अमेरिका आपले बाँब मोडून टाकील. पाचच दिवसांनी सोव्हिएट संघाचे ग्रोमिको यांनी उलट योजना मांडली: आधी बाँब मोडा, मग देखरेखीचे पाहू. 'आधी कोण?' या एका प्रश्नावर सारे अडले. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएट संघाने स्वतःचा स्फोट केला, आणि गडांची संख्या एकाची दोन झाली.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर जो हायड्रोजन बाँब उडविला, त्याची राख दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पडली. पुढच्याच महिन्यात, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की निर्मूलनाचा करार होईपर्यंत निदान स्फोट तरी थांबवावेत. स्फोटबंदीची अशी जाहीर मागणी करणाऱ्या राष्ट्रप्रमुखांत ते पहिलेच होते. १९६२ च्या सप्टेंबरात गांधी शांती प्रतिष्ठानचे एक शिष्टमंडळ अमेरिकेस गेले. त्याचे नेते ८३ वर्षांचे चक्रवर्ती राजगोपालाचारी. सोबत रंगनाथ दिवाकर आणि बेनेगल शिवराव. मंगळूरच्या ज्या कोंकणीभाषी बेनेगल घराण्याने संविधानाचे सल्लागार आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश बी. एन. राव देशाला दिले, त्याच घराण्यातले हे शिवराव. अध्यक्ष केनेडी यांना भेटून या तिघांनी अणुस्फोट थांबविण्याची विनंती केली. त्यानंतर महिना लोटतो न लोटतो तोच क्यूबाच्या प्रश्नावरून जग सर्वनाशाच्या काठावर जाऊन आले.

ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे अंशतः स्फोटबंदीचा करार झाला, आणि भारताने त्याच महिन्यात त्यावर सही केली. हवेतील, पाण्याखालील आणि अंतराळातील स्फोट बंद झाले. भूगर्भातील मात्र मोकळे राहिले. ते का राहिले? भूगर्भातला स्फोट आणि भूकंप यांतला फरक दुरून ओळखणे तेव्हा अवघड होते, म्हणून जागेवर जाऊन पाहणी करणे अवश्य होते. अमेरिका वर्षाला ७ पाहण्या मागत होती; सोव्हिएट संघ ३ च्या पुढे जाईना. सात आणि तीन यांच्यामधील चार पाहण्यांपायी जगाने पुढील तीन दशके शेकडो भूगर्भस्फोट सहन केले. गुप्त पत्राचे भय किती महाग पडते, याचा याहून बोलका हिशेब आम्हास ठाऊक नाही.

* * *

१९६८ साली अण्वस्त्र प्रसारबंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० पासून अमलात आला. वकिलाच्या नजरेने पाहता हा मोबदल्याचा करारनामा आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला त्या पाच राष्ट्रांनी अस्त्रे बाळगावीत, इतरांनी ती कधीही करू नयेत. इतरांच्या अणुभट्ट्यांवर व्हिएन्नाच्या संस्थेचे निरीक्षक देखरेख ठेवतील. आणि या त्यागाचा मोबदला म्हणून, सहाव्या कलमान्वये, निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्‌भावनेने करण्याचे बंधन सर्वांवर, म्हणजे मुख्यतः त्या पाचांवर, राहील.

आमच्याकडे दोन भाऊ वाटणीचा कागद घेऊन आले, आणि एकाचे देणे तारीखवार लिहिलेले व दुसऱ्याचे 'यथावकाश' एवढेच लिहिलेले असले, तर आम्ही धाकट्याला सही करू नको असे सांगू. भारताने नेमके हेच म्हटले आणि सही केली नाही. तो आक्षेप न्याय्य होता, असे आमचे आजही मत आहे. १९९५ साली तर या कराराची मुदत बेमुदत वाढविण्यात आली. देणेकऱ्यावर मुदत संपण्याचा जो एक दाब होता, तो धनकोंनीच आपल्या हातांनी काढून टाकला.

परंतु एवढ्यावर इतिहास संपवावा तर तो अर्धसत्य ठरेल. कारण शस्त्रे खरोखर खाली ठेवल्याची उदाहरणेही आहेत. ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. १९६३ साली चार पाहण्यांवरून अडलेल्या याच दोन राष्ट्रांनी आता परस्परांचे निरीक्षक आपल्या कारखान्यांच्या दारांशी बसू दिले, आणि १९९१ पर्यंत एकंदर २,६९२ क्षेपणास्त्रे दोघांच्या डोळ्यांदेखत मोडली गेली. दक्षिण आफ्रिकेने तयार केलेले ६ बाँब स्वतः मोडले, १९९१ साली प्रसारबंदीचा करार स्वीकारला, आणि मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लार्क यांनी ते संसदेत जाहीर केल्यावर व्हिएन्नाच्या निरीक्षकांनी वह्या आणि भट्ट्या तपासून खात्री करून घेतली. १९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. या घटीचे श्रेय कोणाच्या हृदयपरिवर्तनापेक्षा शिक्के, मोजमापे आणि दुसऱ्याला दार उघडून देण्याची तयारी यांना अधिक आहे. गुप्त पत्राच्या भयावर मनुष्याने उतारा शोधून काढला, तो हा.

पहिल्या भयावर, बलिष्ठाच्या मोडलेल्या शपथेच्या भयावर, मात्र तसा उतारा अद्याप सापडलेला नाही. सोव्हिएट संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० दूरपल्ल्याची अण्वस्त्रे होती. त्यांच्या किल्ल्या मॉस्कोच्या हातात असल्या तरी ती तिथेच होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याचे लेखी आश्वासन दिले, आणि १९९६ पर्यंत ती सर्व अस्त्रे रशियात रवाना झाली. २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला. २०२२ साली सर्व बाजूंनी स्वारी केली. लिबियाच्या गद्दाफीने डिसेंबर २००३ मध्ये आपला गुप्त उद्योग सोडून दिला. आठ वर्षांनी पाश्चात्त्य राष्ट्रांच्या विमानांच्या छायेत त्याचा अंत झाला. गद्दाफी जुलमी होता यात शंका नाही, पण जगातल्या इतर राज्यकर्त्यांनी त्या घटनेतून काय वाचले, हा वेगळा प्रश्न आहे. इराणशी २०१५ साली झालेला करार निरीक्षकांच्या अहवालांनुसार पाळला जात असतानाच अमेरिका २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडली. १९८७ चा रेगन-गोर्बाचेव करार २०१९ साली संपुष्टात आला. रशिया-अमेरिकेच्या दूरपल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या अखेरच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ही ठरलेली होती. त्यातील आपला सहभाग रशियाने २०२३ मध्येच स्थगित केला.

बहादुरशहा तटाबाहेर आला आणि परत गेला नाही, ही गोष्ट ज्या गडावर घडली त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला या बातम्या अपरिचित वाटत नाहीत.

* * *

येथे आपल्या देशाकडे पाहिल्यावाचून लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी आमसभेपुढे एक योजना ठेवली: २०१० पर्यंत तीन टप्प्यांत सर्व राष्ट्रांनी अण्वस्त्रे नाहीशी करावीत, आणि कोणी आधी, कोणी मागून असा भेद न राहता सर्वांना एकच वेळापत्रक लागू असावे. ती कोणी स्वीकारली नाही. पुढे आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयास विचारले की अण्वस्त्राची धमकी किंवा वापर कायदेशीर आहे काय. भारताने लेखी निवेदन देऊन तो बेकायदा असल्याची बाजू मांडली. ८ जुलै १९९६ च्या मतात न्यायालयाने सांगितले की असा वापर सामान्यतः युद्धविषयक कायद्याच्या विरुद्ध ठरेल, परंतु राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता काय, याचा निर्णय देता येत नाही. मते सात विरुद्ध सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने हा भाग संमत झाला. मात्र निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्‌भावनेने करून त्या शेवटास नेण्याचे बंधन राष्ट्रांवर आहे, या मुद्द्यावर सर्व न्यायाधीश एक झाले. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांना अपवादाची ती फट मान्य नव्हती. आपल्या विरोधी मतपत्रात त्यांनी रामायण आणि महाभारत यांचा आधार घेतला, आणि शस्त्रहीनांसह सर्वांना जाळणारे अस्त्र अधर्माच्या शत्रूवरही सोडू नये हा दंडक आपल्या परंपरेत जुनाच आहे, हे जगाच्या न्यायपीठावरून नोंदविले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९९८ मध्ये, पोखरणला भारताने अण्वस्त्रांचे स्फोट केले. पहिला स्फोट त्याच भूमीवर १८ मे १९७४ रोजी झाला होता. दोन्ही वेळच्या शास्त्रज्ञांत डॉ. अनिल काकोडकर होते. त्यांचा जन्म आमच्याच निमाडात, बडवानीस. आईवडील दोघेही गांधीमार्गी स्वातंत्र्यसैनिक, आणि वडील पुरुषोत्तम काकोडकर हे गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातले मान्यवर. गांधींच्या वाटेने चाललेल्या घरातून अणुशास्त्रज्ञ निपजावा, यात आम्ही कोणालाही दोष देत नाही. शेजारी सशस्त्र असता हात रिकामे ठेवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य नव्हे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. स्वतंत्र भारताचे अवघे मन त्या एका घराण्याच्या दोन पिढ्यांत दिसते, एवढेच आम्हास म्हणावयाचे आहे.

२०१४ साली मार्शल बेटांनी भारताविरुद्ध हेगला दावा लावला. या चिमुकल्या देशाच्या प्रवाळबेटांवर १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ स्फोट केले. तेथील लोकांची गावे अद्याप पूर्ववत झालेली नाहीत. भारत वाटाघाटी शेवटास नेण्याचे बंधन पाळीत नाही, असा त्यांचा आरोप होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने नऊ विरुद्ध सात मतांनी निकाल दिला की, दोन पक्षांत कायदेशीर 'वाद' उत्पन्नच झालेला नसल्यामुळे न्यायालयास अधिकार पोचत नाही. भारत सुटला. आमच्या व्यवसायात अशी सुटका नेहमीची आहे. अशील निर्दोष ठरल्याने सुटतो, किंवा दावाच चालत नाही म्हणून सुटतो. दोन्ही प्रसंगी पेढे वाटले जातात. पण चांगला वकील दुसऱ्या प्रकारचे पेढे खाताना थोडा गप्प असतो.

७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रांवर सरसकट बंदी घालणारा करार संमत केला, आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी एकही त्या वाटाघाटींस बसले नाही, भारतही नाही. २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक जपानमधील बाँबपीडितांच्या संघटनेला मिळाले. साक्ष देणारे वृद्ध होत चालले आहेत. साक्षीदार संपले की खटला दुबळा होतो, हे सांगावयास वकील नको.

मग करावे काय? आम्ही एकच गोष्ट सुचवितो, आणि ती कायद्यातूनच घेतली आहे. १९७४ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी फ्रान्सच्या हवेतील अणुस्फोटांविरुद्ध चालविलेल्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. फ्रान्सने हे स्फोट थांबविण्याचा शब्द जाहीरपणे दिला आहे. समोर करार नसला, मोबदला नसला, तरी बांधून घेण्याच्या हेतूने जाहीर दिलेला शब्द राष्ट्राला बांधतो, असे ते म्हणाले. आपल्याकडे याला वचन म्हणतात, आणि त्याच्यासाठी राज्य सोडल्याची कथा प्रत्येक रामनवमीला आपण ऐकतो. भारताने १९९८ साली यापुढे स्फोट करणार नाही असे जाहीर केले. आपण होऊन प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही, ही भूमिका ४ जानेवारी २००३ रोजी अधिकृतपणे नोंदविली. हे दोन शब्द आपल्यापाशी आहेत. अर्जुनाप्रमाणे अस्त्र बाळगणाऱ्याजवळ आवरण्याची विद्या असलीच पाहिजे. राष्ट्राच्या बाबतीत ती विद्या या दोन शब्दांत आहे. ते सैल करावेत अशी कुजबूज मधूनमधून ऐकू येते. सैल झाले तर आपण आणि अश्वत्थामा यांत काय उरले? उलट, प्रथम न वापरण्याचा हाच शब्द सर्व अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी करार म्हणून द्यावा, आणि तो पाळला जातो की नाही हे त्रयस्थांनी पाहावे, असा आग्रह भारताने धरला, तर १९८८ ची ती योजना धूळ झटकून पुन्हा उभी राहू शकेल. मध्ये उभे राहणारे ऋषी कोठून आणावेत, असे कोणी विचारील. नारद-व्यास आज नाहीत. निरीक्षकांची वही, न्यायालयाचे मतपत्र आणि लोकांचा जागा असलेला डोळा, हेच आपले ऋषी.

गडावरून खाली उतरताना संध्याकाळ होते. बुऱ्हाणपुरातले दिवे एकेक करून लागू लागतात. पहाटे देवळात कोण येते हे आम्हास ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची इच्छाही नाही. परंतु फुले वाहूनही ज्याची जखम भरली नाही असा एक योद्धा या डोंगरात फिरतो, असे येथल्या साध्या माणसांनी शेकडो वर्षे मानले, यात त्यांचे शहाणपण आहे. त्याने मणी दिला, पण अस्त्र आवरले नाही. जगाने गेल्या ऐंशी वर्षांत पुष्कळ मणी दिले आहेत. अस्त्र आवरणे अजून उरले आहे.